जिनमजुराचं दोन खणांचं घर

बुलढाणा जिल्ह्यात आपलं गाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड या जिल्ह्याच्या आरपार गेली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके वर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे खाली, पूर्णेच्या खोऱ्याकडे. हवा वेगळी, पाणी वेगळं आणि घरंही वेगळी. घाटावर काळा पाषाण पायाखालीच असल्यामुळे साध्या माणसाच्या भिंतीलाही दगड लागलेला दिसतो. घाटाखाली पूर्णेनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ इतका खोल आहे की नदीच्या पट्ट्यात विहीर खणतानासुद्धा दगड लागायची खात्री नसते. तिथं भिंत मातीची, छप्पर मातीचं आणि भुई तर मातीचीच.

जिल्ह्याचा वारसा म्हटला की लोणारचं दैत्यसूदन मंदिर आठवतं, सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा आठवतो. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्याला वास्तू किमान 100 वर्षं जुनी लागते. खामगावच्या कापसावर राबलेल्या मजुराच्या घराची इथंच पंचाईत होते. भिंतीचा काही भाग पणजोबाच्या हातचा, छपरातल्या कड्या आजोबांनी घातलेल्या, वरची माती गेल्या जेठात टाकलेली आणि सारवण परवाचं. मग हे घर किती वर्षांचं म्हणायचं? पुरातत्त्व खात्याला असल्या घरात रस नसतो, आणि घरातल्यांनाही ते वारसा वगैरे वाटत नाही. त्यांना ते पाडून सिमेंटचं बांधायचं असतं. त्यांचं चुकतं असंही नाही. तरीसुद्धा या घराची हकिगत नीट सांगायला हवी, कारण मँचेस्टर, विंटरथूर आणि ओसाका इथल्या कापूसव्यापाराच्या हिशेबात ज्या खामगावचं नाव होतं, ते खामगाव चालवणारी माणसं अशाच घरांत राहत होती.

आधी खामगावचं पाहू. 1853 मध्ये निजामानं हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिलं. वऱ्हाडात कापूस त्याआधीही पिकत होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडच्या दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. वऱ्हाडी कापसाचा भाव एकाएकी चढला. लँकेशायरच्या कामगारांना आपला आखूड धाग्याचा कापूस मुळीच आवडत नसे, तो सारखा तुटायचा; पण दुसरा मिळत नव्हता. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचला. खामगावची पेठ मात्र या रस्त्याच्या दक्षिणेला राहिली. त्या काळी वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ अशी बाजूला सोडणं सरकारला परवडणारं नव्हतं, म्हणून जलंबहून सुमारे 13 किलोमीटरचा खास फाटा काढला. 1870 मध्ये त्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. (त्यानंतर खामगाव ते जालना रेल्वेची मागणी सुरू झाली. ती अनेक दशकं मागणीच राहिली.)

पुढच्या काही दशकांत पेठ अमरावतीकडे झुकली, तरी खामगावचं महत्त्व टिकलं. विंटरथूर आणि मुंबई इथं 1851 मध्ये सुरू झालेल्या फोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीनं खामगावात खरेदीचं ठाणं केलं. इंग्रज गिरणीमालकांनी नाकं मुरडलेला हा कापूस युरोपातल्या इतर देशांना आणि पुढे जपानी सूतगिरण्यांना चांगला चालला. बाजारातल्या लबाडीला आळा घालण्यासाठी 1886 मध्ये कारंज्याच्या बाजाराला नियम लावले गेले आणि 1897 मध्ये वऱ्हाडाचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचं मूळ तिथं आहे. त्या कायद्यात मापाडी, दलाल, अडते या सगळ्यांचा विचार होता. गाठी बांधणाऱ्याच्या घराचा विचार त्यात असण्याचं कारणच नव्हतं.

सरकी काढणारे कारखाने, म्हणजे जिन, येण्याआधी हे काम घरात होई. लाकडी रेचा ओसरीवर मांडून बायका दोन दांड्यांमधून कापूस ओढत. सरकी अलीकडे पडे, रुई पलीकडे जाई. वाफेवर चालणाऱ्या जिन आल्यावर हे काम ओसरीतून उठलं आणि बाई कारखान्यात गेली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं बनवलेली मॅकार्थी पद्धतीची चामड्याच्या रोलरची यंत्रं हिंदुस्थानभर पसरली होती. यंत्रांच्या लांब रांगा आणि त्यांच्यासमोर हातानं कापूस भरवणाऱ्या बायांच्या लांब रांगा, असं जिनच्या आतलं दृश्य असे. सरकी उचलायला पोरं, गाठी दाबायला आणि वाहायला पुरुष. हवेत रुईची कुसं इतकी, की संध्याकाळी घरी परतलेल्या बाईचे केस, भुवया आणि लुगडं सगळं पांढरं होई.

ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा 1881 चा. त्यात 100 पेक्षा कमी माणसं असलेले आणि वर्षातून चार महिन्यांच्या वर न चालणारे कारखाने धरलेलेच नव्हते. जिन नेमक्या त्या फटीतून सुटल्या. 1908 मध्ये कामगारांची पाहणी करणाऱ्या आयोगाला मोठ्या माणसांकडून दिवसाला 17-18 तास काम घेणाऱ्या जिन सापडल्या. पुढे 1934 च्या कायद्यानं हंगामी कारखान्याची वेगळी व्याख्या केली. वर्षभराच्या कारखान्यात आठवड्याला 54 तासांची मर्यादा घातली, हंगामी कारखान्यात 60 तासांची. थोडक्यात, हंगामी मजुरानं जास्त राबावं हे कायद्यालाही पटलेलं होतं.

घराचा प्रश्न या हंगामाशी बांधलेला आहे. मुंबईच्या किंवा नागपूरच्या गिरणीला बाराही महिने सकाळी भोंगा झाला की माणूस हजर लागे, म्हणून त्याला जवळ ठेवण्यात मालकाचा आणि सरकारचाही फायदा होता. मुंबईत 1920 च्या दशकात बीडीडीच्या 207 चाळी उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची, पण सिमेंटची, आणि इतकी घट्ट की शंभर वर्षांनी ती पाडायला मोठी योजना आखावी लागली. नागपूरला टाटांच्या एम्प्रेस मिलनं इंदोरा भागात कामगारांसाठी वसाहतीचा प्रयोग केला. जिनला माणूस लागे तो दिवाळीनंतर चार-पाच महिने. उन्हाळा लागला की बॉयलर थंड. मजुराला घर बांधून देण्याचा विचार मालकाच्या मनाला कशाला शिवेल? माणसं मुकादमामार्फत येत. आसपासच्या खेड्यांतली रोज पायी ये-जा करत, लांबची गावाच्या कडेला पालं आणि झोपड्या टाकत. त्यातली काही परत गेली नाहीत. झोपडीचं कुडाचं घर झालं, कुडाच्या घराचं धाब्याचं. घाटाखालच्या जुन्या मजूरवस्त्या बऱ्याचशा अशा वाढल्या. त्यांचा नकाशा कुणी काढलेला नव्हता.

हे घर कसं बांधत?

माप खणात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. मजुराचं घर दोन खणांचं. फार झालं तर पुढं एखादी छपरी. अगदी सुरुवातीला भिंत कुडाची असे. बाभळीच्या किंवा निंबाच्या मेढी रोवायच्या, त्यांना आडव्या कामट्या बांधायच्या आणि मधे तुराट्या दाटीनं उभ्या करायच्या. मग दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. वऱ्हाडात कापसाच्या तासांमध्ये तूर घेण्याची रीत जुनी, त्यामुळे तुराट्या त्याच शेतातून येत. चुलीला लागणारी पऱ्हाटीही तिथलीच. हंगाम संपला की शेतकऱ्याला उभी पऱ्हाटी उपटून हवी असे आणि मजुराला जळण हवं असे, म्हणून पैशांचा व्यवहार न करताही हे काम होऊन जाई. कापूस जिनमार्गे परदेशी गेला आणि त्याचं बुडखं मजुराच्या चुलीत गेलं.

चार पैसे गाठीला लागले की मातीची भिंत. इथं मातीची पारख लागते. शेतातली काळी माती भिंतीला कुचकामी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची भिंत पहिल्याच वर्षी तडकेल. भिंतीला लागते पांढरी. गावाच्या वस्तीखालची, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भुसा, पडक्या भिंतींचा चुरा मुरलेली फिकट माती. राखेमुळे आणि चुनखडीमुळे तिचं फुगणं-आकसणं कमी झालेलं असतं. ही माती भिजत घालायची, तुडवायची, भुसा किंवा गव्हांडा मिसळायचा, पुन्हा तुडवायची. गोळे करून थरावर थर रचायचे. एका वेळी दीड-दोन फुटांपेक्षा उंच जायचं नाही. तो थर वाळला की पुढचा. घाई केली तर भिंत आपल्याच वजनानं पोट काढते. रुंदी दीड-दोन हात ठेवायची, वर थोडी कमी करत न्यायची.

पांढरी आणायची कुठून, हा प्रश्न मोठ्या मजेदार उत्तराकडे नेतो. वऱ्हाडातल्या पुष्कळ गावांत देशमुखाची किंवा पाटलाची गढी होती. उंच टेकाड, वर वाडा, भोवती मातीचे बुरूज. वतनं गेली, वाडे ओस पडले, बुरूज ढासळले. आणि गढीची माती म्हणजे कसदार पांढरी. लोक टोपली-फावडं घेऊन ती खणून नेऊ लागले. ज्या गढीच्या दारात आजोबा पागोटं काढून उभा राहत असे, तिचा बुरूज नातवाच्या घराची भिंत झाला. मला हा वऱ्हाडातल्या सामाजिक इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो, आणि तो कुठल्याही दप्तरात नाही.

पांढरीचं वय किती असू शकतं याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन नावाचं गाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं या शतकाच्या पहिल्या दशकात केलं. तिथं बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांनी बांधलेल्या विहिरी सापडल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या. वस्तीवर वस्ती, भिंतीवर भिंत पडत गेली आणि टेकाड तयार झालं. आजही लोक घरासाठी ज्या मातीला हात घालतात ती अशीच साठत आलेली. जिगाव धरणाच्या पाण्याचं संकट या भोनवर आहे, हेही इथंच नोंदवतो.

आता छप्पर, म्हणजे धाबं. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या. सागवान मिळालं तर उत्तम, नाहीतर निंब, बाभूळ. ब्रिटिश आमदानीत जंगलं राखीव झाली तसं चांगलं लाकूड गरिबाच्या हातून गेलं, आणि कड्या वाकड्यातिकड्या, हाताला लागतील त्या येऊ लागल्या. जुन्या धाब्याच्या घरात शिरून वर पाहिलं तर घरमालकाची ऐपत कड्यांवरून लगेच ओळखता येते. कड्यांवर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा थर, त्यावर निंबाचा पाला. कडू निंबामुळे उदई लवकर लागत नाही असा अनुभव. त्यावर चिखलाचा जाड लेप आणि सर्वांत वर खारी माती.

ही खारी माती म्हणजे घाटाखालची खासियत. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी पिण्याला नको आणि ओलितालाही नको, अशी गत. मातीतल्या सोडियममुळे पाऊस पडला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतल्या बारीक वाटा बुजवून टाकतात. शेतात हा दोष, कारण पाणी मुरत नाही, वर तुंबतं. छपरावर हाच गुण. पहिल्या दोन-तीन सरींत वरचा थर मिटतो आणि पुढचं पाणी पन्हाळीतून सरळ बाहेर पडतं. कृषी विद्यापीठं ज्या मातीवर उपाय शोधत आली, तीच माती लोकांनी डोक्यावर घेतली होती.

मृग लागायच्या आधी खारी टाकायचं काम उरकावं लागे. गावाबाहेरच्या ठरलेल्या जागेवरून माती खणायची, टोपल्यांनी वाहायची, शिडीवरून वर चढवायची. बाप्या वर, बाई खाली, पोरं मधल्या शिडीवर. जुनी माती उकरून सारखी करायची, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, कारण गवताचं मूळ जाईल तिथून गळती. मग नवी खारी चार बोटं जाडीनं पसरायची, पन्हाळीकडे उतार धरायचा आणि चोपायची. एवढं करूनही आषाढात एखाद्या रात्री टपटप सुरू होई. घरातला माणूस कांबळं डोक्यावर घेऊन वर जाई, अंधारात पायानं चाचपून जागा शोधी, मूठभर खारी टाकून टाचेनं दाबी. आतून बाई सांगे, थांबलं. किंवा सांगे, अजून थोडं इकडं. खाली पातेलं ठेवलेलं असेच.

घराच्या आत सामान थोडं. मागच्या खणात चूल आणि तिला जोडून वैल, कोपऱ्यात ज्वारीची कणगी, भिंतीत चिमणीसाठी देवळी, पाण्याचा माठ. उजेड दारातून आणि धाब्यात ठेवलेल्या भोकातून, त्यातूनच धूर वर जाई. पाऊस आला की त्यावर फुटकं मडकं किंवा फरशी. खिडकी सहसा नसेच. पुढच्या खणात झोपायचं, उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर झोपायला. भुई आठवड्याला शेणानं सारवायची, भिंतीच्या तळाला पांढऱ्या मातीचा पोतेरा. दिवाळीला चुना. 1956 नंतर बौद्ध झालेल्या अनेक घरांत चुन्यात नीळ जास्त पडू लागली आणि देवळीत बाबासाहेबांची तसबीर आली.

उन्हाळ्यात खामगाव-शेगाव भागात पारा पंचेचाळीसला टेकतो. दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत दिवसभराचा ताप आत पोचायला उशीर लावते. दुपारी बाहेर पोळत असताना आत बसवतं, आणि रात्री भिंत तापलेली असते तेव्हा माणसं वर धाब्यावर असतात. म्हातारी माणसं पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात तळमळतात आणि जुन्या घराची आठवण काढतात, ती उगाच नाही.

पण या आठवणींवर फार भाळूही नये. शहरातून आलेल्या पाहुण्याला मातीचं घर थंडगार आणि सुंदर वाटतं, कारण त्याला जेठात खारी वाहायची नसते. धाब्यातून विंचू पडतो. भिंतीतल्या बिळात साप शिरतो. उदई कडी आतून पोखरते, वरून काही कळत नाही, आणि झडीच्या पावसात चिखलानं जड झालेलं धाबं रात्रीतून खाली येतं. घाटाखालच्या गावांत मातीची भिंत पडून माणूस गेल्याची बातमी पावसाळ्यात अजूनही येते. प्लेग आला तेव्हा उंदरांनी पोखरलेली, अंधारी घरं सोडून लोक शेतांत खोपटी करून राहिले. 1899-1900 च्या दुष्काळात तर धाब्याखाली राहायलाच माणसं उरली नाहीत अशी घरं गावोगाव होती. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या 29 लाखांच्या जवळ होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दुष्काळातही कापूस आगगाडीनं जातच होता. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या होत्या, आणि मजुरीवर जगणाऱ्याच्या कणगीत काही नव्हतं.

घर बदलायला सुरुवात झाली ती छपरापासून. रेल्वेनं पन्हळी पत्रा आणला. एकदा पत्रा टाकला की दर वर्षीची खारी सुटली. उन्हाचा त्रास चालेल पण ती मेहनत नको, असा हिशेब घरातल्या बाईनं केला असेल तर मी तिच्या बाजूचा आहे. 1972 मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस कुणी, कुठं आणि कधी घ्यायचा हे बदललं. पुढं जुन्या जिन एकामागून एक बंद पडल्या, नव्या यांत्रिक जिनमध्ये कापूस हवेच्या दाबानं नळ्यांतून जातो, बायांच्या रांगा लागत नाहीत. जुन्या आवारांत प्लॉट पडले. 1990 नंतर सोयाबीन पसरलं. सोयाबीनचं कुटार होतं, त्याच्यापासून ना कूड होतो ना धाब्याचा थर. धाब्याची कला विसरली जाण्याचं एक कारण शहराची ओढ असेल, दुसरं सरळ शेतात आहे : सामान पिकायचं कमी झालं.

आणि मग घरकुल. इंदिरा आवास 1985 पासूनची, 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. तिच्या पहिल्या याद्या 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेवरून झाल्या. कच्च्या भिंती, कच्चं छप्पर आणि दोन किंवा त्याहून कमी खोल्या, ही त्यातली वंचिततेची खूण. आपण वर पाहिलं ते दोन खणांचं घर तंतोतंत या व्याख्येत बसतं. योजनेनं सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटरचं घर ठरवलं. लाभार्थी जुनं घर पाडतो, कारण बहुतेकांकडे दुसरी जागाच नसते. पाडायला फार वेळ लागत नाही. कड्या बाजूला काढतात, एक-दोन चांगल्या असल्या तर नव्या घराच्या सेंटरिंगला वापरतात, माती तिथंच जोत्यात भरतात.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये कापूस कामगारांची घरं जपली आहेत. स्टायल गावातली क्वॉरी बँक ही 1784 ची सूतगिरणी आणि तिच्या मजुरांची वस्ती तिथल्या नॅशनल ट्रस्टनं सांभाळली. स्कॉटलंडचं न्यू लॅनार्क हे आख्खं गिरणीगाव 2001 मध्ये जागतिक वारसा झालं. तिथली घरं दगडविटांची, मालकानं बांधलेली, कागदपत्रांसह. कुणी राहिलं नाही तरी ती उभी राहतात. आपलं मातीचं घर असं जपता येत नाही. माणूस बाहेर पडला, दोन-तीन पावसाळे खारी पडली नाही, की त्याची पुन्हा पांढरी होते. एखादं उचलून संग्रहालयात ठेवायचं म्हटलं तरी दर जेठात वर चढणारं कुणीतरी पगारावर नेमावं लागेल. तसं कुणी करणार असेल तर जरूर करावं. माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

मात्र या घरांच्या नोंदी आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या रजिस्टरात घरपट्टीसाठी घराचा प्रकार आणि क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचं रजिस्टर मिळालं तर गावात मातीची घरं किती, पक्की किती आणि ती कोणत्या आळीत, हे एका दुपारीत काढता येतं. अशी जुनी रजिस्टरं बहुधा कपाटाच्या तळाशी, वाळवीच्या वाट्याला गेलेली असतात. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोननं मोजमाप झालं, त्यात उरलीसुरली धाबी वरून टिपली गेली आहेत. आणि घरकुलाच्या कागदपत्रांत एक गोष्ट अशी आहे की ती संशोधकांच्या ध्यानात क्वचितच येते : मंजुरीच्या वेळी लाभार्थी सध्या राहतो त्या घराचा, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह फोटो काढून चढवावा लागतो. गरिबीचा पुरावा म्हणून काढलेल्या त्या फोटोंत वऱ्हाडातल्या मजुरांच्या घरांचा एवढा मोठा चित्रसंग्रह झाला आहे की तेवढा कुठल्याही विद्यापीठाकडे नसेल.

तो फोटो बाहेरून असतो आणि एकच असतो. तुमच्या घरात किंवा ओळखीत घरकुल मंजूर झालं असेल तर पाडायच्या आधी आणखी चार काढा : वर पाहून कड्यांचा, चुलीचा, देवळीचा, भिंतीच्या जाडीचा दारातून. टेप लावून खणाचं माप घ्या. घरातल्या सर्वांत जुन्या बाईला विचारा की खारी कुठल्या जागेवरून यायची, पांढरी कुठून आणली, आणि घरातलं कोण कोणत्या जिनवर जात होतं. उत्तर तारखेसकट लिहून ठेवा आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या.